हवालदार बोलायला लागले

नशीब-बिशीब मी मानत नाही. बावीस वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये काढलेला माणूस आहे मी. तिथं एकच शिकवलं : आखणी पक्की असली की काम होतंच! म्हणून यंदाच्या फेब्रुवारीत मी कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून टाकलं, 'पंधरा दिवसांत ऊस जाणार. सोळाव्या दिवशी पुणे.' पेनाला टोपण लावलं आणि निवांत चहा प्यालो. ते कॅलेंडर अजून भिंतीवर आहे. मी तिकडे बघत नाही.

पुण्याचं आधी सांगतो. माझी लेक शिवांजली तिथं असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून माहेरच उठून लेकीकडे गेलं. म्हणजे आमच्या बनुबाई गेल्या. त्याला चार महिने झाले. नात जन्मली, सव्वा महिना उलटला, आणि मी अजून तिला पाहिलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी बनू व्हिडिओ कॉल लावायची, पण तिला फोन धरता येत नाही. मला नातीपेक्षा त्यांच्या हॉलमधला पंखा जास्त ओळखीचा झाला होता. मधेच कधी एक इवलीशी मूठ दिसायची, की परत पंखा.

बारसंही माझ्यासाठीच अडलेलं. "अप्पा आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही," असं लेकीनं सासरच्यांना ठणकावून सांगितलेलं. त्यामुळे पोर एवढी मोठी झाली तरी बिननावाचीच. सगळे तिला नुसतं 'बाळ' म्हणत.

तुम्ही म्हणाल, फलटण ते पुणे तीन तासांचा रस्ता, एका दिवसात जाऊन का आला नाहीत? अहो, ऊस उभा होता. तोडणीची टोळी कधी येईल याचा भरवसा नाही. कारखान्याच्या तोडीच्या चिठ्ठ्या देणारा आमच्या गटाचा चिटबॉय नाथाजी रोज सांगायचा, "उद्या." आणि उद्या मालक रानात नसला तर टोळी सरळ पुढच्याच्या रानात. शिवाय पोस्ट सोडायची नाही हे माझ्या हाडात बसलेलं. दोन एकर ऊस, त्याला पांढरे तुरे आलेले, आणि बांधावर मी. दोघेही वाळत होतो.

घरी आलो की सवयीनं दोघांचा चहा टाकायचो. दुसरा कपही मीच प्यायचो, आणि साखर जास्त झाली म्हणून स्वतःवरच चिडायचो. खरं सांगायचं तर घर खायला उठायचं. बनू असली की घरात दिवसभर कोणी ना कोणी आलेलं असायचं, आणि मला त्याचा वैताग यायचा. आता दाराची कडी कोणी वाजवली तर बरं वाटलं असतं. वाजवत नव्हतं कोणी.

एक दिवस शिवांजलीनं फोनवर विचारलं, "अप्पा, सगळ्यांचा ऊस गेला, मग तुमचाच कसा राहिला?"

"नशीब," मी म्हणालो. सुरुवातीला न मानलेलं नशीब बघा कसं पटकन तोंडातून बाहेर पडलं.

"नशीब माणसांकडनं येतं, अप्पा. दादासोकाका बघा. दिवसभर माणसांत असतात, म्हणून त्यांना सगळं आधी मिळतं. तुम्ही कुणाशी बोलतच नाही. मग ते यायचं कुठनं?"

दादासो म्हणजे आमचा शेजारी. नशिबाचा लाडका. त्याचा ऊस डिसेंबरातच गेला. त्याचा हरवलेला बैल बाजारच्या दिवशी एका अनोळखी माणसानं घरपोच आणून दिला, कारण आदल्या आठवड्यात एस. टी. स्टँडवर दादासोनं त्याच माणसाशी तासभर बैलावर गप्पा मारल्या होत्या. मला मात्र बावीस वर्षं दुसऱ्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवून स्वतःचं बोलणं संपून गेल्यासारखं झालेलं. कुणी विचारलं, "काय हवालदार, जेवला का?" तर मी "हो" म्हणायचो. संभाषण समाप्त.

पण लेकीचं म्हणणं मनात बसलं. मी लगेच आखणी केली. रोज दहा माणसांशी बोलायचं. आपणहून. हसून.

पहिल्या दिवशी सकाळी आठला चौकातल्या चहाच्या टपरीवर गेलो, ताठ उभा राहिलो आणि हसून म्हणालो, "राम राम मंडळी."

बाकड्यावरची चारही माणसं उठून उभी राहिली. एकानं टोपी काढली. "कोण गेलं, हवालदार?"

त्यांचंही बरोबर होतं. आजवर मी टपरीवर तोंड उघडलं ते कुणाच्या तरी मयताची वेळ सांगायलाच. "कुणी गेलं नाही, सहज बोलतोय," असं मी दोनदा सांगितलं, तरी एकानं घाबरून घरी फोन लावून म्हातारीची चौकशी केलीच.

पण मी मागं हटणारा नव्हे! दहाच्या जागी वीस माणसं धरली. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, भेटायला गेलो. कुणाच्या तेराव्याला जाऊन पंगतीत वाढलं. दोन लग्नांत अक्षता टाकल्या, एका लग्नात फेटाही बांधून घेतला. पृथ्वीराज म्हणून गावात एक नव्या दमाचा पुढारी आहे, त्याच्या पुतण्याच्या जावळाला तर वेळेआधी हजर झालो. तिथं ते पोर रडत होतं, मी ते कडेवर घेतलं. एवढ्याशा डोक्याचा वास आला आणि डोळे भरून आले. माझी नात आता केवढी असेल, हेच डोक्यात. बघणाऱ्यांना वाटलं, पृथ्वीराजच्या घरावर हवालदाराचा किती जीव आहे.

आणि गंमत म्हणजे माणसं बदलली! लांबून हात करू लागली. केस कापायला गेलो तर न्हाव्यानं रांग सोडून आधी मला बसवलं. मला वाटलं, लेक म्हणाली तसं आलं बरं का नशीब. फक्त नाथाजी अजून 'उद्या'च म्हणत होता.

आठव्या दिवशी दादासो बांधावर आला. इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाला, "आमच्या घरातली पाची मतं तुमास्नीच. पर आदी सांगायचं तरी."

"कसली मतं?"

"आता गड्या, माज्यापासनं काय लपवतायसा? ग्रामपंचायत पुढल्या म्हयन्यात हाय. एका आठवड्यात तेराव्याला बी आन् जावळाला बी जाणारा माणूस उबा ऱ्हायल्याबिगर ऱ्हातोय व्हय?"

मी कपाळावर हात मारला. "दादासो, मी उभा नाही."

"व्हय, व्हय," दादासो समजूतदारपणे मान हलवत म्हणाला. "समदे आदी असंच म्हणत्यात."

मग मी गावभर सांगत सुटलो की मी उभा नाही. घरोघरी जाऊन सांगितलं. हात जोडून सांगितलं. आमच्या गावात प्रचार नेमका असाच सुरू होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. जितकं नाही म्हणावं तितकी माझी उमेदवारी पक्की होत गेली. दोन म्हाताऱ्यांनी तर मला ओवाळलं.

दहाव्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. आठ फूट बाय बारा फूट. त्यावर माझा फोटो. तोही आत्ताचा नव्हे, तिशीतला, गणवेशातला, वळवलेल्या मिश्यांचा. तो दादासोच्या पोरीनं मोबाइलमधून दिला म्हणे; तिच्याकडे कुठून आला देव जाणे. खाली लिहिलेलं, 'भावी सरपंच जोतिबा हवालदार यांना लाख लाख शुभेच्छा.' कसल्या शुभेच्छा ते लिहिलेलं नव्हतं. शुभेच्छुक : पृथ्वीराज आणि मित्रमंडळ.

त्या दिवसापासून नाथाजीनं फोन उचलायचं बंद केलं. कारण नाथाजी लालासाहेबांचा माणूस, आणि लालासाहेब म्हणजे गेली पंधरा वर्षं गाव ज्यांच्या मुठीत आहे ते पुढारी. माझी तोड फेब्रुवारीतून थेट मार्चअखेरीला गेल्याचं टपरीवर कळलं. म्हणजे मी गप्प होतो तेव्हा निदान 'उद्या' तरी होतं. बोलायला लागलो आणि तेही गेलं.

संध्याकाळी पंखा दिसू लागला. म्हणजे बनूचा कॉल आला. "आवं, कवा येताय?" तिनं विचारलं. रोज विचारायची. "ही आता हसाया लागलीया. काल माज्याकडं बघून हसली." मी म्हणालो, "बघू." नात पहिल्यांदा हसली आणि मी तिथं नव्हतो. ते हसू काही परत पहिलं होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटर चालू करायला विहिरीवर गेलो, तर टोळीतली हरणाबाई कळशी घेऊन उभी. शेजारच्या रानात तोड चालू होती. कवठे महांकाळकडची ही टोळी, दरसाल आमच्याच गटात येते. मुकादम बिरापा, आणि ही त्याची बायको. सात वर्षं मी तिला बघतोय, आणि सात वर्षांत एक शब्द बोललेलो नव्हतो. दहा माणसांच्या यादीतही ती माझ्या डोक्यात आली नव्हती.

"मामा, मामी कुठं दिसनात?" तिनंच विचारलं.

"पुण्याला. नात झालीय."

"आता गं बया. म्हणून ताक न्हाई व्हय आवंदा." ती हसली, मग बांधावरच्या बाभळीकडे बोट करून म्हणाली, "दरसाली त्या बाभळीला आमच्या सुनंच्या लेकराची झोळी मामी सोता बांदायच्या. आमी उसात, आन् मामी झोका देत बसायच्या. लेकरू सावलीला असलं की हात चालतोय. म्हणून तर आमचं मुकादम पयला कोयता तुमच्या रानात लावायचं. मागल्या दोन सालात तीनदा चिटबॉयशी भांडलंया त्यापायी."

सात वर्षं माझा ऊस डिसेंबरात जात होता, आणि सात वर्षं मी ते माझ्या आखणीचं फळ समजत होतो. बनू दुपारी रानात कशाला जाऊन बसते, घरातली कामं टाकून, म्हणून तिला बोललोही होतो. म्हणजे दादासोसारखं नशीब आमच्या घरातही होतं. त्याला मीच ओरडून घरात बसवायला बघत होतो.

"आणि यंदा?" मी विचारलं.

"यंदा तुमी बांदावर बंदुकीवानी उबं. कुणाची छाती हुतीया बोलायची? आमाला वाटलं, मामाला काय घाई न्हाई."

मी मोटर चालू केली, तिनं कळशी धारेखाली लावली, आणि का कोण जाणे, मी विहिरीच्या काठावर बसून बोलायला लागलो. यादीसाठी नव्हे, उसासाठीही नव्हे. म्हणालो, हरणाबाई, मला घाई आहे. मी नात अजून बघितली नाही. घरात करमत नाही. बायकोशी तीस वर्षांत धड बोललो नाही, आणि आता रोज बोलावंसं वाटतं तर फोनमध्ये पंखा दिसतो. कळशी भरून वाहायला लागली होती. हरणाबाईनं ती उचलली नाही. सगळं ऐकून घेतलं, पदरानं स्वतःचं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाली, "मंग सांगायचं न्हाई व्हय, मामा?"

त्याच संध्याकाळी लालासाहेबांची गाडी दारात उभी राहिली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. ते आत आले, बसले, छताकडे बघत म्हणाले, "हवालदार, सरळ इचारतो. अर्ज मागं घ्यायला काय पायजे?"

"साहेब, मी अर्ज भरलाच नाही. मागं काय घेऊ?"

लालासाहेब बरोबरच्या माणसाकडे वळून म्हणाले, "बगितलं का? फौजेतला गडी हाय. हातातलं पान दाखवंना." मग माझ्याकडे. "तरी बी? काय मनात असंल ते बोला."

"ऊस गेला पाहिजे. नातीकडं जायचंय."

"बास?"

"बास."

त्यांचा विश्वास बसला नाही. चहा अर्धा टाकून विचारात पडलेले निघून गेले.

सकाळी सातला रानात गेलो तर बिरापा टोळी घेऊन हजर! हरणाबाईनं मला एक लुगडं आणि एक लेकरू दिलं. मी बाभळीला झोळी बांधली, फौजेतली गाठ मारून, आणि झोका द्यायला बसलो. हात आपोआप परेडच्या तालावर चालू लागला. लेकरानं डोळे मोठे केले.

"मामा, हळू," हरणाबाई उसातनं ओरडली. "लढाईवर न्हाई निगालं ते."

तीन दिवसांत रान मोकळं झालं. श्रेय घ्यायला रांग लागली. लालासाहेबांनी टपरीवर सांगितलं, मी शब्द टाकला. पृथ्वीराजच्या पोरांनी सांगितलं, आमच्या दबावामुळं चिठ्ठी निघाली. नाथाजी म्हणाला, मी तर कधीपासून उद्या-उद्या म्हणतच होतो. बिरापा काहीच बोलला नाही. जाताना त्यानं नातीसाठी पिवळ्या लोकरीचा एक गोंडा दिला, त्याच्या मेंढरांच्या लोकरीचा.

चौथ्या दिवशी पहाटेची गाडी धरली. घराची किल्ली आयुष्यात पहिल्यांदा शेजारी दिली, दादासोकडे. पुण्याला कळवलं नाही. म्हटलं, दार उघडताच आपण समोर उभं राहायचं. बनूचं तोंड बघण्यासारखं होईल.

लेकीच्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदारानं वही पुढं केली. "कुणाला भेटायचंय? नाव लिहा."

"नातीला. नाव अजून ठेवायचंय."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मी जावयाचं, ऋषिराजचं नाव सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ते सगळे सकाळीच गेले की. गाडी काढून. बाळाला घेऊन. आजीबाई लई तापल्या होत्या."

मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोरीवर बोटभर लांबीच्या झबल्यांची रांग वाळत होती. एक पिवळं, दोन पांढरी, एकावर बदक. चार महिने धडपड करून मी नातीच्या एवढ्या जवळ पोचलो होतो. त्या झबल्यांकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. रखवालदारानं स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

फोन वाजला. बनू होती.

"कुठं हाय तुमी? मी हितं दारात, आन् दाराला कुलूप. काल शिवांजलीच्या मोबाइलात तुमचा फलक दिसला. म्हातारपणी सरपंच व्हायचं खूळ कुणी घातलं डोस्क्यात? न सांगता आले, म्हटलं रंगेहाथ धरावं."

"मी पुण्यात आहे," मी म्हणालो. "तुमच्या दारात."

मग ती हळूच म्हणाली, "रान मोकळं झालंया. लांबनं घर दिसाया लागलं, मला पयल्यांदा वळखूच आलं न्हाई."

"किल्ली दादासोकडं आहे."

"तुमी किल्ली शेजारी दिलीसा?" तिचा आवाजच बदलला. फलकापेक्षा या गोष्टीचा तिला जास्त धक्का बसला असावा. "आन् आयका. चौकात गाडी थांबली, तर ही तुमच्या फोटुकडं बघून हसली. मिश्या बघून."

म्हणजे मी नातीला पाहायच्या आधी नातीनं मला पाहिलं. आठ बाय बारा फुटांत. भावी सरपंच म्हणून.

"तिथंच थांब," मी म्हणालो. "हलू नको."

मिळेल ती दहिवडीची गाडी धरली. शेजारी बारामतीकडचा एक माणूस होता, त्यालाही नात होती. मग काय विचारता! पंखा, झबली, गोंडा, हरणाबाई, सगळं त्याला सांगितलं. मागच्या सीटवरच्या दोन बायका पुढं वाकून ऐकू लागल्या. फलटण गेलं, पुढं आणखी काय काय गेलं, आणि कंडक्टरनं खांद्याला हात लावला.

"आजोबा, तुमचा फाटा तीन किलोमीटर मागं गेला."

मला आजोबा म्हणणारा तो पहिला माणूस. त्याचा राग कसा येणार?

उतरलो आणि मागं चालत निघालो. चालत कसला, डबल मार्चच. उन्हं कलली होती. टपरीवरून आरोळी आली, "या हवालदार, चहा घ्या." मी मान वळवली नाही. पृथ्वीराजची पोरं आडवी आली, त्यांना वळसा घातला. दादासो बांधावरून काहीतरी सांगत होता, ते ऐकलं नाही. मोकळ्या रानापलीकडे आमचं घर दिसत होतं, दारात ऋषिराजची गाडी आणि ओट्यावर बनू दिसत होती. गावात लगेच बोललं गेलं की हवालदार निवडून यायच्या आधीच बदलले.

ओट्यावर चढलो. धाप लागलेली. चार महिन्यांचं, नव्हे तीस वर्षांचं बोलणं अगदी ओठांवर आलेलं. मी तोंड उघडलं, तर बनूनं ओठांवर बोट ठेवलं.

"आवं, हळू. आत्ताच निजलीया. गप बसा जरा."

तिच्या मांडीवर ती झोपली होती. मूठ तीच, फोनमधली. मी पिवळा गोंडा त्या मुठीजवळ ठेवला आणि गप्प बसलो. तेवढं मला आधीपासूनच येतं.